नागपुरात ऊन विकत घेतलं: कासवाच्या पाठीसाठी यूव्हीबी दिवा, दीड वर्षानंतर

"अबे, मे महिन्यात आपल्या इथं डांबर वितळते, अन् तू दोन हजार देऊन ऊन आणलं?"

दिव्याचं खोकं टेबलावर पाहून माझा जुना जोडीदार हे बोलला. आम्ही दोघं एमएसईबीत एकाच वर्षी लाइनमन म्हणून लागलो, २००५ साली मंडळाचे तुकडे पडले तेव्हा दोघंही महावितरणमध्ये गेलो आणि तिथूनच निवृत्त झालो. मला भैताड म्हणायचा त्याला हक्क आहे आणि तो त्यानं बजावला. वरवर पाहता त्याचं खरंही होतं. नागपुरात ऊन कमी पडतं असं जो म्हणेल त्याला मे महिन्यात दुपारी दोन वाजता वर्धा रोडवर अनवाणी उभं करावं.

तरी मी कासवासाठी यूव्हीबीचा, म्हणजे उन्हातल्या एका अतिनील किरणाचा, दिवा घेतला, दीड वर्ष वापरला आणि यंदा जानेवारीत दुसराही घेतला. एक्झो टेरा कंपनीचा 'रेप्टाइल यूव्हीबी १००', २५ वॅट. दिसायला आपल्या पिळाच्या सीएफएलसारखाच. मला १९५० रुपयांना पडला, ऑनलाइन. ज्यांना नुसता निकाल पाहिजे त्यांनी घ्यावा आणि मोकळं व्हावं. पण तो कुठं लावायचा हे कळलं नाही तर घेऊन उपयोग नाही, म्हणून बाकीचं लिहितो.

कासव माझ्या नातीचं. २०२१ मध्ये वाढदिवसाला तिच्या मामानं आणलं, तेव्हा आमटीच्या वाटीत मावायचं, म्हणून नाव 'वाटी'. कानाजवळ लाल पट्टा असतो ती जात, रेड-इअर्ड स्लायडर. मूळची अमेरिकेतली, मिसिसिपीच्या खोऱ्याकडची. (आपल्याकडचं चांदणी पाठीचं स्टार कासव किंवा नदीतलं देशी कासव घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे. कोणी स्वस्तात देतो म्हणाला तर घेऊ नका.) दुकानदारानं मामाला सांगितलं होतं की हे एवढंच राहते. मादी असेल तर ही जात परातीएवढी होते आणि नीट सांभाळली तर वीस-तीस वर्षं सहज जगते. म्हणजे माझ्यानंतरही वाटी या घरात असणार.

पहिली दोन वर्षं टाकी पूर्वेच्या खिडकीशी होती. सकाळी आठ ते अकरा ऊन थेट तिच्या पाठीवर. घरात सगळ्यात जास्त ऊन खाणारा प्राणी हाच, असं मी अभिमानानं सांगायचो. २०२३ च्या दिवाळीत टाकी धुताना तिला उचललं तर पोटाकडची कडा अंगठ्याखाली दबली. भिजल्या पापडासारखी. पाठीची मागची किनारही वर वळायला लागली होती, उन्हात ठेवलेल्या पुठ्ठ्यासारखी. मी पाठीवर बोटानं टकटक केलं. वाजायला पाहिजे तसं वाजलं नाही.

तिला प्राण्यांच्या डॉक्टरकडं नेलं. डॉक्टर मॅडमनी पहिला प्रश्न विचारला: "ऊन मिळतं का?" मी म्हटलं, रोज तीन तास. दुसरा प्रश्न: "काचेतून?"

इथं मी खाली बसलो. चाळीस वर्षं दिव्यांत काढलेल्या माणसाला हे कळू नये! कासवाला जो किरण पाहिजे तो साधारण २९० ते ३१५ नॅनोमीटरचा, यूव्हीबी. त्यानं कातडीत ड जीवनसत्त्व तयार होतं आणि ते असलं तरच पोटातलं कॅल्शियम अंगी लागतं. खिडकीची साधी काच उजेड आणि उष्णता आत सोडते, हा किरण मात्र जवळजवळ पूर्ण अडवते. वाटी दोन वर्षं उजेडात शेकत होती आणि उपाशी होती.

मॅडमनी आणखी एक गोष्ट सांगितली ती मला माहीतच नव्हती. मी कवच म्हणजे वरून घातलेली पेटी समजत होतो. ते हाडच आहे. बरगड्या आणि पाठीचा कणा पसरून एकमेकांत जुळलेला, सुमारे ६० हाडांचा सांगाडा, आणि त्यावर आपल्या नखासारख्या पदार्थाचे खवले. आत नसा आहेत, स्पर्श कळतो. कॅल्शियम कमी पडलं की आपली हाडं आतल्या आत ठिसूळ होतात, कासवाचं बाहेरून दिसतं, एवढाच फरक.

मग मी बाजारात निघालो. शहरातल्या एका मत्स्यालयाच्या दुकानात (नाव लिहीत नाही) 'यूव्हीए + यूव्हीबी' लिहिलेला ५० वॅटचा दिवा मिळाला, ३५० रुपये. खोक्यावर सूर्य, सरडा आणि कासव, तिघंही हसतायत. घरी येऊन उघडला तर आत फिलामेंट. साधा हॅलोजन, पुढं साधी काच. दुसऱ्या दिवशी परत गेलो.

"भाऊ, तापलेल्या तारेतून यूव्हीबी कुठून निघणार?"

"काका, सगळे हाच नेतात. तक्रार नाही कोणाची."

तक्रार कशी येणार? कासव बोलत नाही आणि दिवा छान गरम होतो. ज्यांनी लाइनमनकी केली नाही त्यांच्यासाठी सांगतो. आपल्या ट्यूबलाइटमध्ये पाऱ्याची वाफ असते. वीज वाहिली की तिच्यातून मुख्यतः २५४ नॅनोमीटरचा किरण निघतो आणि नळीच्या आतला पांढरा लेप त्याचा डोळ्याला दिसणारा उजेड करतो. यूव्हीबी दिव्यात लेप वेगळा असतो, यूव्हीबी देणारा, आणि काचही तो बाहेर जाऊ देईल अशी असते. घरगुती हॅलोजनमध्ये यातलं काहीच नाही. तेव्हा एवढं पाहा: आत नुसती फिलामेंटची तार आहे, पाऱ्याची नळी नाही आणि खोक्यावर यूव्हीबी लिहिलंय, तर खोका खोटा. पाऱ्याच्या वाफेचे महागडे दिवेही मिळतात, त्यात उष्णता आणि यूव्हीबी दोन्ही येतं, पण २०० लिटरच्या टाकीवर ते मला जड वाटले.

तो हॅलोजन मी फेकला नाही. उष्णतेसाठी उत्तम आहे. कासवाला पाण्याबाहेर एक कोरडी, ३२ ते ३५ अंशांची जागा लागते. डिसेंबरात आपल्याकडं रात्री पारा दहाच्या खाली जातो, तेव्हा दिवसाची ती ऊब फार कामाची. म्हणून आता दोन दिवे शेजारी-शेजारी आहेत, एक शेकायला आणि एक हाडांना.

लावण्याबद्दल. एक्झो टेराच्या दिव्याचं बूड आट्यांचं, म्हणजे ई-२७. आपल्या घरातले होल्डर पिनांचे. अ‍ॅडाप्टर मिळतो, पण मी चिनी मातीचा ई-२७ होल्डर घेतला, कारण शेजारी हॅलोजन तापतो आणि बॅकेलाइट कालांतरानं तडकतं. वायर टाकीकडं उतरते तिथं तिला खाली पोट द्या, म्हणजे पाण्याचा थेंब वायरीवरून घरंगळत सॉकेटमध्ये न जाता पोटाशी गळून पडेल. आणि ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी (वीज गळाली की पुरवठा तोडणारा स्विच) असल्याशिवाय पाण्यावर कोणताही दिवा टांगू नका. हे मी कासवासाठी सांगत नाही, टाकीत हात घालणाऱ्या नातीसाठी सांगतो.

अंतर ही माझी चूक झाली. सुरुवातीला जुन्या स्टँडवर दीड फूट उंच टांगला. महिनाभर कौतुकानं पाहत बसलो, फरक शून्य. मॅडमनी सांगितलं की पिळाच्या दिव्याचा जोर फार लांब पोचत नाही. मग पाठीपासून साधारण २० सेंटिमीटरवर आणला. मध्ये काच नाही, प्लास्टिकचं झाकण नाही. जाळीसुद्धा बराच किरण खाते, म्हणून तीही काढली. दिवा वरूनच पाहिजे, बाजूनं नको. वरून आला तर तिची भुवई डोळ्यांवर सावली धरते, बाजूनं आला तर डोळे सुजू शकतात.

आता शेकायची जागा. दुकानातला तरंगता चौथरा ती ३०० ग्रॅमची झाली तेव्हा बुडायला लागला. मी वायरिंगच्या पीव्हीसी पाइपांचा सांगाडा करून त्यावर खरखरीत फरशीचा तुकडा बसवला. पूर्ण कोरडं होणं महत्त्वाचं. ओली पाठ कायम तशीच राहिली तर खवल्यांच्या फटींत सड धरू शकते. खड्डा, वास किंवा गुलाबी मऊ जागा दिसली तर घरी प्रयोग करू नका, डॉक्टरकडं न्या.

वीज किती? मला विचारल्याशिवाय कोणी राहत नाही, म्हणून हिशेब. २५ वॅट दहा तास म्हणजे दिवसाला पाव युनिट, महिन्याला साडेसात. हॅलोजन ५० वॅट आठ तास, महिन्याला १२. एकूण साडेएकोणीस युनिट, आणि एप्रिल ते जून हॅलोजन बंदच असतो. त्या दिवसांत कूलरच्या खोलीतही टाकीचं पाणी ३० च्या वर जातं. पाणी बदलायचं तर सकाळी सहाला, कारण दुपारी छतावरच्या टाकीचं पाणी म्हणजे चहाचं आधण.

परिणाम. जानेवारी २०२४ मध्ये वाटीची पाठ सरळ मोजली तेव्हा ११ सेंटिमीटर होती, वजन २४० ग्रॅम. आता १४.५ आणि ४९० ग्रॅम. पोटाची कडा दबायची थांबायला चार महिने लागले. आता टकटक केलं तर टणक वाजते. मागची वळलेली किनार मात्र तशीच आहे, मॅडम म्हणाल्या ती सरळ होणार नाही, नवी वाढ नीट येईल एवढंच. नवे खवले गुळगुळीत आले आहेत, हे खरं. आणि वागणं बदललं. पूर्वी खिडकीशी नुसती बसायची. आता सकाळी टायमरनं टिक केलं की दहा मिनिटांत फरशीवर, मान लांब, मागचे दोन्ही पाय सरळ ताणून, पंजे पसरून. ज्या कातडीत ड जीवनसत्त्व तयार व्हायचं तीच ती उघडी करते. हे तिला कोणी शिकवलं, बाप्पा जाणे.

पण सगळं श्रेय दिव्याला देणं अप्रामाणिक होईल. मॅडमनी त्याच दिवशी कॅल्शियमही सुरू केलं आणि जेवण बदललं. त्याआधी वाटी दोन वर्षं डब्यातल्या सुक्या कोळंबीवर होती, कारण डब्यावर 'संपूर्ण आहार' लिहिलं होतं. आता गोळ्यांचा चांगला आहार, आणि आमच्या कुंपणावरच्या जास्वंदीची पानं-फुलं, शेवग्याचा पाला. पालक बंद, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम धरून ठेवतं. ही जात लहानपणी मांसावर जास्त असते आणि वाढली की पाल्याकडं वळते. सुरुवातीला जास्वंद पाहून ती तोंड फिरवायची, हो, अगदी नातीसारखी. तीन आठवडे लागले.

आणि समुद्रफेस. हे मी स्वतः शोधलं म्हणून जरा जास्त लिहितो. परदेशातले लोक कासवाच्या टाकीत माकुळाचं हाड टाकतात, ते जवळपास सगळं कॅल्शियम कार्बोनेट असतं. ऑनलाइन त्याच्या दोन तुकड्यांना २८० रुपये पाहिले. फोटो पाहून हिला म्हटलं, अगं हे तर समुद्रफेस! लहानपणी माझ्या आईनं कान फुटला की हेच आणलं होतं. इतवारीत किराणा ओळीकडं गेलो, काष्ठौषधीच्या दुकानात. दुकानदारानं विचारलं, "कानासाठी का?" मी म्हटलं, कासवासाठी. त्यानं चष्म्यावरून पाहिलं आणि मूठभर बांधून दिलं, ४० रुपयांत. पाठीकडचा कडक पापुद्रा सुरीनं काढायचा आणि पांढरा भाग पाण्यात सोडायचा, तरंगतो. कधी आठवडाभर पाहत नाही, कधी एका रात्रीत अर्धा कुरतडते. दहापैकी दहा.

दहापैकी शून्य कशाला, तर त्याच मत्स्यालयाच्या दुकानानं दिलेल्या 'शेल कंडिशनर'ला. छोटी बाटली, २५० रुपये, पाठीला चमक येते म्हणे. चमक आली, पाण्यावर तेलाचा तवंगही आला आणि फिल्टरचा स्पंज चिकट झाला. मॅडमनी बाटली हातात घेतली, झाकणही उघडलं नाही. म्हणाल्या, वरून तेल लावून हाड बनत नाही, उलट खाली ओल आणि घाण अडकते. ही त्याआधी दर शनिवारी मारुतीबरोबर वाटीलाही खोबरेल लावायची, ते त्या दिवसापासून बंद झालं. पाठीवरचं हिरवं शेवाळ काढायला ती नारळाची शेंडी घेऊन बसली होती, तीही काढून घेतली. जुना मऊ टूथब्रश आणि साधं पाणी, महिन्यातून एकदा, बस. थोडं शेवाळ राहिलं तर राहू द्या.

२०२४ च्या पावसाळ्यात मी एकदा घाबरून पुन्हा दवाखान्यात धावलो. पाठीवर पांढरे डाग, आणि फिल्टरमध्ये कांद्याच्या सालीसारख्या पारदर्शक चकत्या. मला वाटलं कवच सोलून निघतंय. निघतच होतं, आणि निघायलाच पाहिजे. पाण्यातली ही कासवं वाढताना जुने खवले एकेक टाकतात. ओढून काढायचे नाहीत, आपोआप सुटतात. पांढरे डाग पाण्यात गायब व्हायचे आणि वाळल्यावर परत दिसायचे, ते आमच्या बोअरच्या जड पाण्याचा क्षार निघाला. आता नळाचं पाणी एक दिवस उघडं ठेवून वापरतो. मॅडमनी त्या दिवशी फी घेतली नाही, पण हसल्या.

आता जोडीदाराच्या प्रश्नाकडं. गच्ची आहे, ऊन फुकट आहे, मग दिवा कशाला? खरं तर थेट ऊन दिव्यापेक्षा कैक पटीनं चांगलं, आणि मी तिला नेतोही. हिवाळ्यात सकाळी नऊला, उन्हाळ्यात सहा-सातला, उथळ टबात, अर्ध्या टबावर पोतं टाकून, म्हणजे नको झालं की सावलीत जाता येईल. पण तिथं मला सोबत बसावं लागतं. घार आहे, कावळे आहेत, परवा माकडांची टोळी आली होती. मे महिन्यात सावलीशिवाय टब पंधरा मिनिटं विसरलो तर कासव उकडून मरेल. जुलै-ऑगस्टमध्ये आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही. आणि जिना तीन मजल्यांचा आहे, गुडघे माझे आहेत. गच्ची आठवड्यातून दोनदा जमते, दिवा रोज सात वाजता लागतो.

दिव्याची एकच गोष्ट लोकांना पटत नाही, ती म्हणजे चालू असताना बदलणं. वर्षभरात आतला लेप थकतो आणि यूव्हीबी घटतं, उजेड मात्र तसाच दिसतो. आपला डोळा ते ओळखू शकत नाही. म्हणून लावतानाच बुडाशी मार्करनं तारीख लिहायची. मी जानेवारीत चालू दिवा उतरवला तेव्हा जोडीदार समोरच होता. "चालू तर आहे ना बे?" मी म्हटलं, तुझ्या-माझ्यासारखाच चालू आहे. जुना दिवा खोक्यात बंद करून ठेवलाय, आत पारा असतो म्हणून कचऱ्यात टाकला नाही. फुटलाच तर खिडक्या उघडा, झाडू मारू नका.

नातीसाठी एक नियम, दिव्याशी संबंध नसलेला: वाटीला हात लावला की साबणानं हात धुवायचे. कासवांच्या अंगावर साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो. अमेरिकेत याच कारणानं १९७५ पासून चार इंचांपेक्षा लहान कासव विकायला बंदी आहे, कारण पोरं ती तोंडात घालायची. नात आता बारा वर्षांची आहे, ती म्हणते, "आबा, मी तोंडात नाही घालत." तरी धुवायचे. आणि ज्यांना कासव जड झालं त्यांनी ते फुटाळा किंवा अंबाझरी तलावात सोडू नये. तिथं ते मरत नाही, तगतं आणि तिथल्या देशी कासवांचं अन्न आणि ऊन खायची जागा बळकावतं. सांभाळू शकेल असा दुसरा माणूस शोधा.

गेल्या आठवड्यात जोडीदाराचा फोन आला. त्याच्या पुतण्यानं कासव आणलंय, पाठ मऊ लागते म्हणे. त्याला होल्डरचा नंबर पाहिजे होता. ई-२७ सांगितलं, वीस सेंटिमीटर सांगितलं, मध्ये काच नको हे दोनदा सांगितलं. बुडाशी तारीख लिही म्हटल्यावर तो म्हणाला, "तारीख टाकाची आठवण देजो." माझ्या आठवणीचं खरं नाही. आमच्याकडं ते काम हिचं आहे. कालनिर्णयच्या शेवटच्या पानावर, गॅसच्या नंबराखाली तिनं लिहून ठेवलंय: 'वाटीचा दिवा, जानेवारी.'